हिंगाचा खडा आणि बारा पेले

जर्मनीत जाऊन अमेरिकेची वाइन चाखायला नाशिकच्या बाईने कशाला जायचं, असं मला परत आल्यापासून ज्याने त्याने विचारलंय. शेजारच्या काकूंनी तर "एवढं लांब जाऊन प्यायचीच होती तर..." म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की चहा ठेवायचं मी विसरले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. फोटो फारसे नाहीत. जे आहेत त्यांत नुसतं धुकं आहे.

मी दिंडोरीजवळच्या एका छोट्या वायनरीत केमिस्ट आहे. त्याआधी बरीच वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दुधाचा कॅन नासलाय की नाही हे मी झाकण पुरतं उघडायच्या आत सांगायची. त्या नाकाच्या जोरावर वायनरीत लागले. माहेरी काय नि सासरी काय, दारूला कोणी शिवलेलं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या लोकांना "सूनबाई द्राक्षाच्या सरबताच्या कारखान्यात आहे" असं सांगायच्या, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही.

आमचे मालक दौलतराव यांना गेल्या वर्षी एक मोठा भागीदार मिळाला. भागीदाराची अट अशी की कुठली वाइन बाटलीत भरायची आणि कुठली ओतून द्यायची हे ठरवणाऱ्याकडे परदेशी सर्टिफिकेट पाहिजे. दौलतरावांनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं, "ताई, कागद आणा, चाखायची खोली तुमची. नाही आणलात तर ते त्यांचा माणूस बसवणार. मग माझं काही चालायचं नाही." ते काम मी कागदाशिवाय सात वर्षं करत होते. मला आयुष्यात मनापासून चांगली येणारी गोष्ट म्हणाल तर ती एवढीच.

आमच्या हंगामाच्या आधी बसेल असा एकच कोर्स मिळाला. नैऋत्य जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या आसपास अमेरिकन सैनिकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिथे अमेरिकन वाइन खपते. तिथून जवळच्या एका वाइनशाळेत अमेरिकेच्या पांढऱ्या आणि लाल वाइन पारखण्याचा पाच दिवसांचा, इंग्रजीतून चालणारा वर्ग होता आणि शेवटी परीक्षा. शिवाय कायझर्सलाउटर्नला आमच्या ह्यांची धाकटी बहीण राहते, शुभा. तिचा नवरा तिथल्या संशोधन संस्थेत आहे.

शुभा माझ्याशी पाच वर्षं बोलत नव्हती. सासूबाई गेल्या तेव्हा तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं. आई शेवटच्या दुखण्यात आहे हे आम्ही तिला कळवलं नाही. कळवू नये हे मी ठरवलं होतं. तिला ते नंतर कळलं, आणि तिचा तो गर्भही राहिला नाही. तेव्हापासून फोन आला की ती "दादा आहे का?" एवढंच विचारायची. या वेळी मात्र म्हणाली, "वहिनी, येताय तर आई वापरायची तसला हिंगाचा खडा आणा. इथे सगळा पिठासारखा मिळतो." पाच वर्षांनी तिने मागितलेली ही पहिली वस्तू होती. भद्रकालीतल्या जुन्या दुकानातून मी खडा घेतला, स्टीलच्या डबीत घातला आणि वर तीन पिशव्या गुंडाळल्या.

रविवार, कायझर्सलाउटर्न

उन्हाळ्यात होऊन गेलेल्या फुटबॉल विश्वचषकाचे झेंडे काही गॅलऱ्यांत अजून लटकत होते, भिजून रंग गेलेले. शुभाचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात कोणाचा कुठला झाडायचा आठवडा याचा तक्ता लावलेला, आणि त्यात शुभाचं "काळे" हे आडनाव बघून मला उगाचच बरं वाटलं. तिची आठ वर्षांची मुलगी इरा हिने मला दारातच "हालो, मामी" म्हटलं आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. दोघींचं व्यवस्थित चाललं.

हिंगाची डबी मी शुभाच्या हातात दिली ती तशीच, पिशव्या न सोडता. कोर्सच्या पत्रात लिहिलं होतं की अत्तर, क्रीम, वासाचा साबण, काही चालणार नाही. मी पंधरा दिवस आधीपासून केसांना तेल लावलं नव्हतं. शुभाने डबी नुसती ओट्यावर ठेवली. "नंतर बघते," म्हणाली. बोलणं तेवढंच झालं.

वाइनच्या रस्त्यावर

सोमवारी सकाळच्या गाडीने डोंगरातून बोगद्यांमागून बोगदे ओलांडत खाली उतरले की एकदम सपाटी लागते आणि नजर पोचेल तिथवर द्राक्षं. नोव्हेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागलेली, वेली तारांना बांधलेल्या, त्यात कोणी माणूस नाही. आमच्याकडे एवढ्या बागेत दहा तरी बायका वाकलेल्या दिसतील आणि कुठेतरी रेडिओ लागलेला असेल. इथे कावळेसुद्धा शिस्तीत बसलेले. मी एका घरगुती पेन्झिओनमध्ये उतरले. मालकीणबाईंना शाकाहारी म्हणजे काय हे समजावता समजावता मला डुकराच्या पोटात भरलेल्या बटाट्याची बशी येऊन गेली. शेवटी त्यांनी वाफवलेले गुबगुबीत पाव दिले, खालून खारट खरपूस, वरून व्हॅनिलाची खीर. चारही दिवस मी तेच खाल्लं.

शिकवणारे डॉ. केसलर सत्तरीकडे झुकलेले, बारीक, जाकीट सदैव बटणं लावलेलं. माझ्या सोनवणे या नावाचं त्यांनी पहिल्या मिनिटाला "फ्राउ झोनावाने" करून टाकलं. आम्ही नऊ विद्यार्थी. माझ्या शेजारी रॉय नावाचा निवृत्त अमेरिकन सैनिक बसायचा. त्याने इथलीच बायको केली होती आणि आता त्याला आपल्या देशाची वाइन विकायचं दुकान काढायचं होतं. पहिल्या दिवशी तो दाढीनंतरचं काहीतरी घमघमीत लावून आला. केसलरनी दारातच नाक वर केलं आणि त्याला तोंड धुऊन यायला पाठवलं. बिचारा लालबुंद होऊन गेला. मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले हे खरं, आणि ते मी इथे लिहून ठेवते.

माझीही फजिती पहिल्या दिवशीच झाली. वाइन चाखून समोरच्या भांड्यात थुंकायची असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, दिंडोरीत मी मागच्या दाराशी जाऊन गटारात थुंकते. पण स्वच्छ टेबलाशी, चार माणसांत बसून, तोंडातलं अन्न थुंकायचं माझ्याच्याने होईना. लहानपणी ताटात काही टाकलं तर आई पाठीत धपाटा घालायची. त्या दिवशी सहा पेले होते, मी सहाही घोट गिळले. दुपारी डॉ. केसलर फळ्यावर कॅलिफोर्नियाचा नकाशा काढत होते आणि मला दोन कॅलिफोर्निया दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून डोळे मिटून थुंकायला लागले.

आता वाइनबद्दल, कारण काकूंनी तेच विचारलंय. अमेरिकेची पांढरी शार्डोने नाकाशी नेली की आधी लोणी कढवल्याचा वास येतो. वाइन नव्या ओकच्या पिंपात ठेवतात, त्याने मागून व्हॅनिला. जर्मन विद्यार्थी नाकं मुरडायचे, त्यांना ती फार नटलेली वाटायची. मला आवडली. त्यांच्या थंड वायव्येकडची रीसलिंग अगदी वेगळी, हिरव्या सफरचंदासारखी सरळ आणि आंबट. लाल झिनफँडेल म्हणजे जांभळं आणि करवंदं गुळात शिजवून वर मिरपूड टाकावी तसं काहीतरी, आणि डोक्याला लगेच चढणारी. कॅबर्ने या दुसऱ्या लाल वाइनमध्ये मला ढोबळी मिरची लागली. ते मी भीतभीत सांगितलं, तर केसलर म्हणाले, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. बाकीचे स्टाखेलबेरं नि होलुंडर असली फळंफुलं सांगायचे. ती मी जन्मात बघितली नव्हती. मी कैरी, चिंच, भिजलेलं गोणपाट असं लिहायचे. केसलर प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचे आणि आपल्या वहीत लिहून ठेवायचे.

बुधवारी त्यांनी न सांगता आठ पेल्यांत एक बिघडलेला ठेवला. खराब बुचामुळे वाइनला ओलसर कुबट वास येतो, पण तो इतका पुसट होता की आठ जणांनी तिला चांगले गुण दिले. मी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "ही ओतून द्या," म्हटलं. केसलरनी माझ्याकडे बघून मान झुकवली. "फ्राउ झोनावाने, असं नाक शाळेत बनत नाही."

त्या दिवशी मी मळ्यांमधून एकटी चालत गेले आणि चाखायच्या खोलीत माझं टेबल कुठे लावायचं ते ठरवून टाकलं. उत्तरेच्या खिडकीशी. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

गुरुवार, पुन्हा शुभाकडे

परीक्षा शुक्रवारी अकराला. खरं तर मी पेन्झिओनमध्येच राहायला हवं होतं. पण शुभाचा फोन आला. "वहिनी, परीक्षेच्या आदल्या दिवशी परक्याच्या घरी काय राहता? इकडे या. अर्ध्या तासाची तर गाडी." पाच वर्षांनी ती मला आपल्या घरी बोलावत होती. नाही म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे तिने मला संध्याकाळी बिनफोडणीचा दहीभात दिला. कोट गॅलरीत टांगला. सकाळी मी आवरून बाहेर आले तर ती ओट्याशी उभी. हिंगाच्या डबीच्या पिशव्या सोडलेल्या.

"तुम्ही परत याल तेव्हा कढी करून ठेवते, आईची. पण हा खडा काही माझ्या हातून फुटेना. वहिनी, आई चिमटीत चुरडायची ना? तुम्हाला येतं तसं?"

"येतं की. त्यांनीच शिकवलं."

"मग द्या ना चुरडून. मला बघू दे."

मी फुलपात्राच्या बुडाने खडा फोडला आणि चिमटीत धरून चुरडला. ती शेजारी उभी राहून माझ्या बोटांकडे बघत होती. मग मी बिनवासाच्या साबणाने हात धुतले, दोनदा, वर लिंबू चोळलं. हुंगून बघितले. मला काही वास आला नाही. त्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं राहिलेल्या कोणालाच आला नसता, हे कळायला नाकाचा धंदा करावा लागत नाही. मी तर तोच करते.

निघताना तिने माझ्या डाव्या तळहातावर दही-साखर ठेवली, उजवा मी पेल्यांसाठी राखला होता. इराने जर्मनमध्ये शुभेच्छा दिल्या, "फील ग्ल्युक, मामी." मी जिना उतरले.

शुक्रवार

बारा पेले. सहा पांढरे, सहा लाल, नावं झाकलेली. नियम आम्हाला वाचून दाखवले. त्यातला एक असा की चांगल्या वाइनला दोषी ठरवणारा नापास, मग बाकीचं कितीही बरोबर असो. कारण अशा माणसाच्या हातून तळघरातली चांगली पिंपं ओतली जातात. मी मनात म्हटलं, बरोबर आहे.

पहिली पांढरी भरदार, लोण्याची, ओकची. ती मी सहज लिहिली. दुसरी नाजूक होती. पेला उजव्या हातात धरून फिरवला, नाकाशी नेला आणि थांबले. फळांच्या खालून काहीतरी कांद्यालसणासारखं, विझलेल्या काडीसारखं. गंधकाचा दोष, पुस्तकात असतो अगदी तसा. तिसऱ्यातही तोच. चौथ्यात जरा जास्त.

तुम्ही म्हणाल, तीन पेल्यांत सारखा दोष आला तर शंका नाही आली? आली. मी हात वर करून पेला बदलून मागितला. तिथल्या बाईंनी नव्या पेल्यात नवी वाइन ओतून आणली. मी ती फिरवली, हुंगली. तोच वास. मग मला खात्रीच पटली. बुधवारी एक ठेवला होता, आज केसलरनी जास्त ठेवले असतील, मला जोखायला. पाचवीत खरोखरचा कुबट दोष होता, तोही पकडला. सहावी पुन्हा पहिलीसारखी लोण्याची, ओकची, तिच्यात काही अडलं नाही. लाल वाइन इतक्या दांडग्या होत्या की त्यांच्यापुढे काही टिकलं नाही. सहाच्या सहा मी बिनचूक लिहिल्या. रॉय घाम पुसत होता. मी सगळ्यांच्या आधी कागद दिला.

दुपारी निकाल लागले. रॉय पास झाला. माझा कागद केसलरनी दिला नाही, मला आत बोलावलं.

"दोन, तीन आणि चार. फ्राउ झोनावाने, या तिन्ही निर्दोष आहेत."

मी म्हटलं, शक्य नाही.

त्यांनी तिसऱ्या वाइनची बाटली आणली, पेल्यात ओतली आणि पेला स्वतः हातात धरून माझ्या नाकाशी आणला. पीच. थोडा मध. ओल्या दगडासारखा स्वच्छ वास. दुसरं काहीच नाही.

"आता तुम्ही धरा."

मी धरला. नाकाशी नेला. कांदा, लसूण, काडी.

केसलरनी पेला काढून घेतला, माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि वाइन हुंगावी तितक्या गांभीर्याने माझी बोटं हुंगली. डोळे मिटून. मग म्हणाले, "टॉयफेल्सड्रेक." आणि इंग्रजीत अर्थ सांगितला. सैतानाची विष्ठा. त्यांच्या भाषेत हिंगाला तसं म्हणतात.

मला हिंग ओळखू आला नाही. जन्मल्यापासून रोज ज्या वासात जेवले, तो पेल्यावर आला तेव्हा मी त्याला दोष म्हणून लिहिला, एकदा नाही, तीनदा. रॉयला मी हसले होते. त्याला निदान आपला वास माहीत होता.

मी विनवण्या केल्या. इथे लपवायचं काही कारण नाही. हात धुऊन येते म्हटलं, पुन्हा बसते म्हटलं, डोळ्यांतून पाणी काढलं. ते ऐकून घेत राहिले. "आल्झो," ते शेवटी म्हणाले, "तुमचं नाक या वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. पण तळघरात या हातांनी तुम्ही तीन चांगली पिंपं ओतली असती. पुढच्या वर्षी या." माझ्यासाठी पुढचं वर्ष नव्हतं. आणि त्यांचं बोलणं बरोबर होतं, म्हणून तर मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

परतीच्या गाडीत प्रत्येक बोगद्यात काचेत माझा चेहरा दिसायचा. मी तिकीट-तपासनिसाला तिकीट डाव्या हाताने दिलं.

कढी

शुभाने दार उघडलं तेव्हा घरभर फोडणी दरवळत होती. तिने माझी पिशवी घेतली, आणि मी काही बोलायच्या आत माझा उजवा हात धरून आपल्या नाकाशी नेला.

"अजून येतोय," ती म्हणाली. "वहिनी, आईच्या बोटांना असाच वास यायचा. शाळेत जाताना ती वेणी घालायची ना, तेव्हा. मी विसरलेच होते. सकाळी तुम्ही गेलात आणि मी इथे ओट्याशीच बसून राहिले."

ती रडायला लागली. पाच वर्षांचं सगळं. माझा हात तिने सोडला नाही, गालाला लावून धरला. मीही रडले. तिला वाटलं, मीही सासूबाईंसाठी रडते आहे.

इराने तोवर माझ्या पिशवीतून डोकावणारा कागद ओढून काढला होता. त्या घरात जर्मन सगळ्यांत चांगलं तिचंच. "निश्ट बेश्टांडन," तिने मोठ्याने वाचलं आणि आईकडे बघितलं.

"नापास?" शुभाने डोळे पुसले. "वहिनी? असं कसं? तुम्ही तर म्हणालात, सगळं येतं. कशात चुकलात?"

"लाल वाइनमध्ये," मी म्हटलं. "अवघड असतात गं. सहाच्या सहा चुकले."

"जाऊ दे. जेवा आधी."

कढी अगदी सासूबाईंच्या हातची झाली होती. मी दोनदा घेतली.

नाशिक

भागीदाराचा माणूस हंगामाच्या सुरुवातीलाच आला. तरुण आहे, सभ्य आहे, मला मॅडम म्हणतो. उत्तरेच्या खिडकीशी त्याचं टेबल लागलंय. परवा त्याने एक टाकी ओतून द्यायला सांगितली. दाराशी उभ्या उभ्या मला कळत होतं की ती वाइन चांगली आहे. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. मी आता आम्ल मोजते, साखर मोजते, वहीत आकडे लिहिते. त्याला नाक लागत नाही.

शुभाचा दर रविवारी फोन येतो, आणि आता ती दादाला बोलवा म्हणत नाही. तासभर माझ्याशीच बोलते. खडा संपत आला म्हणाली. पुण्याहून तिच्या ओळखीचं कोणी निघालंय, त्यांच्याबरोबर पाठवायचाय. तिला अजून फोडता येत नाही, म्हणून या वेळी मी तो इथेच फोडून, चिमटीत चुरडून, डबीत भरला. हात धुतले नाहीत. आता ते धुतले काय आणि न धुतले काय, कोणाचंही काही बिघडत नाही.